जॉन मिल्न व समुद्राच्या पोटांतील दरडी

पावसाळ्यांत घाटांत दरड कोसळल्याची वार्ता आली नाहीं असें वर्ष महाराष्ट्रांत क्वचितच जातें. ता. ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर डोंगराचा उतार घसरून आला व गांव मातीखालीं गाडलें गेलें. ती हकीकत पालकमंडळींच्या स्मरणांत असेलच. भूकंप म्हणजे काय, हेंही मराठवाड्यास परक्यानें शिकविण्याची गरज नाहीं. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गांवांत जें घडलें तें आपल्याकडे घरोघरीं अद्याप सांगितलें जातें. परंतु समुद्राच्या तळाशींही कडे व उतार असतात, भूकंपानें तेही ढासळतात, आणि त्या ढासळण्यानें दूरच्या किनाऱ्यावरील माणसांचे प्राण जाऊं शकतात, ही गोष्ट समुद्रापासून इतक्या आंत राहणाऱ्या आपणांस सहसा सुचत नाहीं. ती गोष्ट जगापुढें सप्रमाण मांडणाऱ्यांत ज्यांचें नांव अग्रभागीं येतें, त्या जॉन मिल्न ह्यांचें चरित्र आज आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों. ह्या विषयाचा आपल्या मुंबईशीं व कोंकणकिनाऱ्याशीं किती निकटचा संबंध आहे, तें पुढें ओघानें येईलच.

मिल्न ह्यांचा जन्म ता. ३० डिसेंबर १८५० रोजीं इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं झाला. लंडन येथील किंग्ज कॉलेजांत व नंतर तेथील खाणविद्येच्या सरकारी विद्यालयांत त्यांनीं अध्ययन केलें. शिक्षण संपतें न संपतें तोंच त्यांच्या आयुष्यांत एक योग आला. ज्या सायरस फील्ड ह्यांच्या खटपटीनें अटलांटिक महासागराच्या तळावरून तारायंत्राची तार टाकली गेली होती, त्यांनींच ह्या तरुणास न्यूफाउंडलंड व लॅब्रडॉर ह्या थंड मुलखांत कोळसा व धातु शोधण्याच्या कामीं नेमिलें. समुद्रतळावरील तार आणि न्यूफाउंडलंडचा किनारा हीं दोन नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. शेवटीं त्यांची पुन्हां गांठ पडणार आहे. त्याच सुमारास चार्ल्स बीक नांवाच्या वृद्ध संशोधकाबरोबर मिल्न अरबस्थानच्या वायव्य भागांतही जाऊन आले. मोशेस नियमशास्त्र प्राप्त झालें तो सीनाय पर्वत नेमका कोणता, ह्याचा शोध करणें हा त्या प्रवासाचा हेतु होता.

१८७५ सालीं जपान सरकारनें मिल्न ह्यांस टोकियो येथील एंजिनिअरिंग कॉलेजांत खाणविद्या व भूगर्भशास्त्र शिकविण्यास बोलाविलें. मिल्न ह्यांस बोट फार लागत असे. म्हणून नेहमींचा जलमार्ग सोडून ते रशिया, सैबेरिया, मंगोलिया व चीन असा खुष्कीचा खडतर प्रवास करीत निघाले आणि १८७६ सालीं टोकियोस पोहोंचले. ज्याला समुद्रावरील चार दिवस सोसवत नसत, त्यानेंच पुढें समुद्राच्या तळाचा विचार जगास शिकविला, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

जपान ही भूकंपाची भूमि. तेथील लोक बारीकसारीक हादऱ्यांकडे लक्षही देत नसत. पण मिल्न ह्यांनीं प्रत्येक हादऱ्याची वेळ, दिशा व जोर टिपून ठेवण्यास आरंभ केला. ता. २२ फेब्रुवारी १८८० रोजीं योकोहामा शहरास मोठा धक्का बसला. त्यानंतर मिल्न ह्यांच्या पुढाकारानें केवळ भूकंपाच्या अभ्यासाकरितां एक मंडळ स्थापन झालें. जगांतील अशा प्रकारचें तें पहिलेंच मंडळ होय. जेम्स एविंग व टॉमस ग्रे ह्या आपल्या सहकाऱ्यांसह मिल्न ह्यांनीं भूकंपलेखक यंत्रें सिद्ध केलीं. त्या यंत्राचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. दाराची चौकट किंचित् कललेली असली म्हणजे दार नुसत्या वाऱ्यानेंही झुलूं लागतें, हें आपण पाहिलेंच असेल. त्याच रीतीनें अल्पशा कललेल्या खांबाला एक आडवा दांडा व वजन टांगलेलें असतें. जमीन हालली कीं खांब हालतो, पण वजन आपल्या जडपणामुळें मागें रेंगाळतें. आणि त्या दोहोंतील अंतर सरकत्या कागदावर नागमोडी रेषेच्या रूपानें उमटतें. माणसाच्या पायांस जो कंप जाणवतही नाहीं, तो हें यंत्र लिहून ठेवतें.

१८८१ सालीं मिल्न ह्यांनीं हाकोदाते येथील एका बौद्ध मठाधिपतीच्या कन्येशीं विवाह केला. तिचें नांव तोने. पुढें सुखदुःखांत व परदेशांतही तिनें त्यांची साथ केली. ता. २८ ऑक्टोबर १८९१ रोजीं मध्य जपानांत प्रचंड भूकंप होऊन सात हजारांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. मिल्न व त्यांचे सहकारी बर्टन ह्यांनीं त्या भागाची पाहणी करून छायाचित्रांसह एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विटांच्या नव्या इमारती कोसळल्या, पूल मोडले, नद्यांचे बांध खचले व डोंगरांचे उतार उघडे पडले. भूकंप स्वतः माणसास क्वचितच मारतो. माणूस मरतो तो ढासळणाऱ्या भिंतीखालीं किंवा घसरणाऱ्या मातीखालीं, हें त्या पाहणीनें सर्वांच्या नजरेस आणून दिलें.

पुढें त्यांच्यावर मोठी आपत्ति कोसळली. ता. १७ फेब्रुवारी १८९५ रोजीं टोकियो येथील त्यांच्या घरास आग लागली, आणि घर, वेधशाळा, यंत्रें व वर्षानुवर्षें जमविलेला ग्रंथसंग्रह हें सर्व भस्मसात् झालें. मिल्न त्या वेळीं चव्वेचाळीस वर्षांचे होते. वीस वर्षांची कमाई एका दिवसांत गेल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. मिल्न ह्यांनीं त्याच वर्षीं पत्नीसह इंग्लंडास परत येऊन वाइट बेटावरील शाइड नांवाच्या खेड्यांत घर घेतलें आणि तेथें नवें यंत्र उभें केलें. शिनोबू हिरोता हा त्यांचा जपानी साहाय्यक त्यांच्याबरोबर होता. इंग्लंडांत मोठे भूकंप होत नाहींत. परंतु पृथ्वीच्या कोणत्याही भागांत मोठा भूकंप झाला असतां त्याचे तरंग सर्व पृथ्वीभर पसरतात व उत्तम यंत्रास ते कळावे, अशी मिल्न ह्यांची पूर्वींपासून धारणा होती. १८८९ सालीं जर्मनींतील एका यंत्रावर जपानांतील भूकंप उमटल्यानें ती खरीही ठरली होती. तेव्हां आतां घरीं बसून साऱ्या जगाची नाडी पाहावी, असें त्यांनीं ठरविलें.

शाइड येथें कागदावरील रेषा तपासतांना मिल्न ह्यांस दिसून आलें कीं, पुष्कळ मोठ्या भूकंपांचें मूळ जमिनीखालीं नसून समुद्राखालीं आहे. पण तेथें काय घडतें तें पाहावयास कोण जाणार? ह्या ठिकाणीं तारायंत्राच्या तारा उपयोगीं पडल्या. समुद्रतळावर शेंकडों कोस पसरलेली तार जेथें तुटते, तेथें कांहीं तरी घडलें असलें पाहिजे. मिल्न ह्यांनीं तारा तुटल्याच्या तारखा मिळविल्या व त्या भूकंपांच्या तारखांशीं ताडून पाहिल्या. दुरुस्तीस गेलेल्या जहाजांस कित्येक ठिकाणीं तार चिखलाच्या ढिगाखालीं गाडलेली सांपडे, ओढूनही ती वर येत नसे. कोठें पाण्याची खोलीच बदललेली आढळे. हा सर्व पुरावा एकत्र करून १८९७ सालीं त्यांनीं लंडनच्या भूगोलविषयक मासिकांत एक विस्तृत निबंध लिहिला. समुद्रतळ हा शांत व अचल आहे ही समजूत चुकीची असून, खंडांच्या कडेच्या उतारांवर वारंवार मोठमोठ्या दरडी कोसळतात, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें. ह्या ज्ञानाचा व्यवहारांत उपयोग काय, हेंही त्यांनीं दाखविलें. १८८८ सालीं ऑस्ट्रेलियास जगाशीं जोडणाऱ्या तारा एकाच वेळीं तुटल्या, तेव्हां त्या शत्रूनें कापल्या असाव्या अशा भयानें तेथें राखीव सैन्याची जमवाजमव झाली होती. मिल्न ह्यांच्या मतें हा शत्रु माणूस नसून समुद्राचा तळ होता. भूकंपाची नोंद जवळ असती तर दोन राष्ट्रांत व्यर्थ संशय वाढण्याचें कारण राहिलें नसतें.

आतां हे उतार कां ढासळतात तें थोडक्यांत पाहूं. किनाऱ्यापासून कांहीं अंतरापर्यंत समुद्र उथळ असतो. पुढें तळ एकदम खोल उतरूं लागतो. नद्यांनीं आणलेला गाळ त्या उतारावर वर्षानुवर्षें थरावर थर सांचत जातो. गाळाचे कण एकमेकांस टेकून बसतात व मधल्या फटींत पाणी भरलेलें असतें. गोदावरीच्या पात्रांत ओल्या वाळूवर पाय आपटून पाहावें. क्षणांत पाणी वर येऊन घट्ट वाटणारी वाळू लिबलिबीत होते. भूकंपाच्या हादऱ्यानें हेंच मोठ्या प्रमाणावर घडतें. कण अधिक दाटीनें बसूं पाहतात, पण मधल्या पाण्यास निघून जाण्यास वेळ मिळत नाहीं. वरील भार मग पाण्यावर पडतो, कणांची एकमेकांवरील पकड सुटते, आणि तो सर्व थर पेजेसारखा पातळ होऊन उतारावरून धांवत सुटतो. ह्याला कडाच लागतो असें नाहीं. डोळ्यांस जवळजवळ सपाट दिसणारा दोन-तीन अंशांचा उतारही पुरतो.

भूकंपानें समुद्राचा तळ वर उचलला गेला किंवा खचला म्हणजे जी महालाट उठते, तिला जपानी भाषेंत त्सुनामी म्हणतात. ही लाटही किनारे ढासळविते. आपल्या शेतांतील कच्च्या विहिरीचें पाणी पंपानें एकाएकी उपसलें तर तिची कड आंत कोसळते, हें शेतकऱ्यांच्या मुलांस ठाऊक आहे. पाणी असेपर्यंत तें कडेस आधार देत असतें. तें गेल्यावर ओली, जड माती निराधार होते. त्सुनामी येण्यापूर्वीं अथवा दोन लाटांच्या मध्यें समुद्र जेव्हां झपाट्यानें मागें हटतो, तेव्हां किनाऱ्याच्या उतारांची हीच अवस्था होते. शिवाय परत येणारी लाट उताराचा पायथा खरवडून नेते. उलटपक्षीं, समुद्रांत कोसळलेली दरडही पाणी ढकलून नवी लाट उत्पन्न करते. असें हें दुहेरी संकट आहे. ता. १५ जून १८९६ रोजीं, मिल्न ह्यांनीं जपान सोडल्यास एक वर्ष होतें न होतें तोंच, त्या देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी येऊन सुमारें बावीस हजार लोक बुडाले. भूकंपाचा धक्का अगदीं सौम्य होता. म्हणून कोणी सावध झालें नाहीं. खोल समुद्रांत गेलेल्या कोळ्यांस तर होडीखालून लाट गेल्याचेंही कळलें नाहीं. ते परतले तेव्हां बंदरांत घरांचे अवशेष तरंगत होते.

एका यंत्रानें जगाची नाडी पुरती कळत नाहीं, म्हणून मिल्न ह्यांनीं ब्रिटिश असोसिएशनच्या साहाय्यानें देशोदेशीं आपलीं यंत्रें बसविण्याचा उद्योग आरंभिला. सुमारें चाळीस ठिकाणांहून शाइडच्या खेड्यांत नोंदी येऊं लागल्या. कॅप्टन स्कॉट ह्यांच्या पहिल्या मोहिमेबरोबर एक यंत्र दक्षिण ध्रुवाकडील बर्फावरही गेलें. आपल्या देशांत १८९७ च्या आसामांतील महाभूकंपानंतर कलकत्त्याजवळील अलीपूर येथें १८९८ सालीं भूकंपनोंदणीस आरंभ झाला, आणि त्याच सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतही मिल्न ह्यांचें यंत्र बसलें. तेव्हां तिचे प्रमुख नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस हे होते. त्या पदावर नेमले गेलेले ते पहिलेच भारतीय गृहस्थ. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार, म्हणून वेधशाळेचें चुंबकीय काम १९०४ सालीं अलिबागेस हलविण्याची दूरदृष्टि त्यांनींच दाखविली. शाइड येथील खेडेगांवांतील घर व कुलाब्याची वेधशाळा हीं अशा रीतीनें एकाच साखळीचे दुवे झालीं.

१९०८ सालीं रॉयल सोसायटीनें मिल्न ह्यांस राजपदक देऊन गौरविलें. ता. ३१ जुलै १९१३ रोजीं शाइड येथें त्यांचा अंत झाला. कांहीं वर्षांनीं तोनेबाई जपानास परत गेल्या. जगभरच्या भूकंपांच्या नोंदी एकत्र करण्याची त्यांची पद्धति मात्र थांबली नाहीं. आज तें काम आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत चाललें आहे.

त्यांच्या सिद्धांताचा सर्वांत ठळक पुरावा त्यांच्या मृत्यूनंतर मिळाला, आणि तोही जेथें ते तरुणपणीं हिंडले होते त्या न्यूफाउंडलंडाजवळ. ता. १८ नोव्हेंबर १९२९ रोजीं तेथील समुद्राखालीं भूकंप झाला. जवळच्या तारा तत्काळ तुटल्या. पण खोल समुद्राकडील तारा एकीमागून एक, सुमारें तेरा तासांच्या अवधींत, तुटत गेल्या. एकूण बारा तारा गेल्या, आणि किनाऱ्यावर आलेल्या लाटेनें अठ्ठावीस माणसें दगावलीं. १९५२ सालीं दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तारा तुटल्याच्या वेळांवरून दाखवून दिलें कीं, दरडीचा गढूळ लोट आगगाडीच्या वेगानें समुद्रतळावरून धांवला होता व वाटेंतील तारा तोडीत गेला होता.

आपल्या अरबी समुद्रांतही असेंच घडलें आहे. ता. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ फार मोठा भूकंप झाला. कराची व मस्कत ह्यांच्यामधील समुद्रतार आठ ठिकाणीं तुटली. पसनी बंदरीं किनाऱ्याची पट्टी घसरून समुद्रांत गेली. सकाळीं आठच्या सुमारास त्याची लाट मुंबईस पोहोंचली. तिची उंची सुमारें दोन मीटर होती. वेसावें येथें मासे धरणारे पांच जण व हाजीअलीजवळ सहा जण वाहून गेले. दांडा व जुहू येथें होड्या दोर तोडून गेल्या. भूकंप मुंबईपासून हजार किलोमीटरांहून दूर झाला होता, आणि किनाऱ्यावरील त्या गरीब माणसांस सावध करणारें कोणी नव्हतें. हवामान खात्यांतील पेंडसे ह्यांनीं ह्या भूकंपाचा अभ्यास करून लेख प्रसिद्ध केला. ह्याहून जुना पुरावाही आतां हातीं आला आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर समुद्रतळाखालीं एका अजस्र दरडीचा ढिगारा सांपडल्याचें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. तिला शास्त्रज्ञांनीं नटराज असें नांव दिलें आहे. ती सुमारें एक कोटि वर्षांपूर्वींची असून तींत अदमासें एकोणीस हजार घन किलोमीटर माती व खडक आहेत.

ह्या चरित्रावरून आमच्या विद्यार्थ्यांनीं एक व्यावहारिक गोष्ट मनांत पक्की करावी अशी आमची इच्छा आहे. ता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर आपल्या सरकारनें हैदराबादेस पूर्वसूचना केंद्र उभारिलें व तें २००७ पासून काम करीत आहे. दूरच्या भूकंपाची सूचना तें देऊं शकतें. परंतु जवळच दरड कोसळून उठणारी लाट सूचनेची वाट पाहत नाहीं. ता. २८ सप्टेंबर २०१८ रोजीं इंडोनेशियांतील पालू येथें भूकंपासरशीं किनारे ठिकठिकाणीं खचले व कांहीं मिनिटांतच लाट आली. सुटींत आपल्यापैकीं पुष्कळ जण अलिबाग, मुरूड, गणपतिपुळें अशा ठिकाणीं जातात. तेथें असतां जमीन बराच वेळ हाललेली जाणवली, किंवा समुद्र भलत्याच वेळीं मागें हटून तळ उघडा पडला, तर शिंपले वेंचण्यास पुढें जाऊं नये. वडील माणसांस हांक मारून ताबडतोब उंच जागीं जावें, आणि पहिली लाट ओसरली तरी लगेच खालीं उतरूं नये.

दुसरी गोष्ट अभ्यासाविषयीं आहे. मिल्न ह्यांनीं समुद्राचा तळ डोळ्यांनीं कधींच पाहिला नाहीं. तुटलेल्या तारेची तारीख आणि कागदावरील एक वांकडी रेषा, एवढ्याच साधनांवर त्यांनीं तो ओळखला. रोजची नोंद रोज करणें हें काम कंटाळवाणें खरें. पण १९२९ व १९४५ सालीं जें घडलें त्याचा अर्थ लागला तो कोणी तरी वेळ व तारीख बिनचूक लिहून ठेविली होती म्हणूनच. आपल्या शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस लिहिण्याचें काम ज्या मुलामुलींकडे येईल, त्यांनीं तें ह्याच निष्ठेनें करावें.